पाऊल लोंबते आहे, मशीनही तेच आहे. मग स्नायू का हलत नाही?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे हे इतरांनाही कळेल. आपले वडील ६१ वर्षांचे आहेत. पाच आठवड्यांपूर्वी दुचाकी घसरली आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जोराचा मार बसला. हाड मोडले नाही, पण त्या दिवसापासून चवडा उचलला जात नाही. चप्पल पायातून निसटते आणि पायरी चढताना अंगठा अडकतो. दोन आठवड्यांपासून मशीनवर ‘करंट’ दिला जात आहे, पण पाऊल वर येत नाही. नॉब वाढवला की पोटरी आवळते आणि पाऊल उलट आणखी खाली जाते. शेजारच्या काकांना मात्र अर्धांगवायूनंतर त्याच मशीनवर पहिल्याच दिवशी पाऊल वर आलेले आपण पाहिले. आपण विचारता की करंट कमी पडतो आहे का, आणि घरी एक मशीन घेऊन तो दिवसातून तीन-चार वेळा द्यावा का.

करंट कमी पडत नाही, तो वेगळ्या जातीचा हवा आहे. आपल्या मजकुरातली पोटरीची ओळ वाचताच मला हे वाटले. का, ते समजण्यासाठी थोडे मुळापासून सांगावे लागेल.

सर्वसाधारण समज असा असतो की मशीन स्नायूला चालना देते. रोजच्या वापरात ते खरे नसते. पॅड स्नायूवर लावलेले असले तरी मशीनचा आखूड स्पंद, म्हणजे क्षणभराचा विजेचा ठोका, चेतवतो तो स्नायूत शिरणाऱ्या नसेला, आणि मग ती नस नेहमीच्या वाटेने स्नायूला हलवते. विश्रांतीच्या अवस्थेत चेतातंतूची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बाहेरून दिलेल्या प्रवाहामुळे ऋणाग्राखाली, म्हणजे बहुतेक मशीनांच्या काळ्या वायरीच्या पॅडखाली, हा फरक कमी होतो. तो साधारण ५५ मिलिव्होल्टपर्यंत उतरला की तंतूच्या पडद्यातली सोडियमची दारे धडाधड उघडतात आणि संदेश तंतूच्या दोन्ही दिशांना धावत सुटतो. म्हणूनच अनुभवी हात काळा पॅड नसेवर किंवा स्नायूच्या नेमक्या बिंदूवर ठेवतो आणि लाल पॅड थोड्या अंतरावर. हे बिंदू म्हणजे नस स्नायूत जिथे शिरते त्या जागा होत. फ्रान्समध्ये द्यूशेन यांनी ओल्या अग्रांनी एकेक स्नायू वेगळा चेतवण्याची पद्धत बसवली आणि १८५५ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. मात्र या बिंदूंच्या मुळाशी नसेचे प्रवेशद्वार आहे, हे पुढे जर्मनीत त्झीमसेन यांनी शवविच्छेदनाने दाखवले.

आता दोन रुग्णांतला फरक पाहा. शेजारच्या काकांचा बिघाड मेंदूत आहे. मेंदूचा हुकूम खाली पोहोचत नाही, पण पाठीच्या कण्यातली चेतापेशी, तिथून निघालेली नस आणि नडगीच्या बाहेरच्या बाजूचा, चवडा उचलणारा स्नायू ही सगळी साखळी शाबूत आहे. मशीनने नसेला टिचकी मारली की पाऊल वर येणारच. आपल्या वडिलांचा मेंदू हुकूम देतो आहे, कणा तो पुढे पाठवतो आहे, पण गुडघ्याच्या बाहेर, पिंडरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाणारी नस तिथेच चेंगरली आहे. ही नस तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ उघडी असते. बोटाने चाचपून सरकवता येते, इतकी वर. त्यामुळे अपघाताखेरीज घट्ट प्लॅस्टरने, पायावर पाय टाकून बसण्याच्या सवयीने, खुरपणीसाठी तासन्तास उकिडवे बसल्यानेही ती दबते. (मार लागलेला नसताना चवडा पडला असेल तर मधुमेह आणि कुष्ठरोग या दोन्ही गोष्टी तपासून घेतल्याशिवाय मी करंटला हात लावत नाही. कुष्ठरोगात हीच नस सुजते, आणि वेळीच औषध मिळाले तर पाऊल परत येऊ शकते. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, ही शंका मनात ठेवायलाच हवी.)

नस चेंगरली म्हणजे नेमके काय झाले, यावर पुढचे सगळे ठरते. ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ मध्ये नसेच्या इजांची केलेली विभागणी अजूनही उपयोगी पडते. सर्वांत सौम्य प्रकारात तंतूवरचे आवरण दुखावते, संदेश तेवढ्या जागेपुरता अडतो, पण आतला तंतू अखंड राहतो. ही नस काही दिवसांत वा आठवड्यांत, बहुधा तीन महिन्यांच्या आत पूर्ववत होते. मधल्या प्रकारात तंतू तुटतो, पण त्याची नळी शिल्लक राहते आणि तंतू तिच्यातून पुन्हा वाढत जातो. सर्वांत वाईट प्रकारात नळीही तुटते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पहिल्या प्रकाराची एक खूण मशीनच देते: रुग्णाला स्वतःला चवडा तसूभर हलवता येत नाही, पण अडथळ्याच्या खाली अग्र टेकवले की पाऊल झटकन वर उडते, कारण खालचा तंतू जिवंत आहे. पहिला आठवडा मात्र फसवा असतो. तुटलेल्या तंतूचा खालचा भागही काही दिवस विजेला प्रतिसाद देत राहतो आणि मग गप्प होतो, म्हणून ही चाचणी तीन आठवड्यांनी केली तरच तिच्यावर भरवसा ठेवावा.

आपल्या वडिलांना पाच आठवडे झाले आहेत आणि आखूड स्पंदाला प्रतिसाद नाही. अग्र योग्य जागी होते असे धरले तर निदान बहुसंख्य तंतू तुटून मागे झिजलेले असावेत. हे निदान नव्हे, तर्क आहे. त्याची खात्री एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) आणि ईएमजी (स्नायूतली विद्युत हालचाल सुईने पाहणारी) या तपासण्यांनीच होईल.

नस गेलेल्या स्नायूला मशीन हलवू शकत नाही असे नाही. स्नायूपेशीचा पडदाही विजेला प्रतिसाद देतो, पण तो फार मंद आहे. १९०९ मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ लापिक यांनी ही मंदी मोजण्याचे माप दिले. स्पंद कितीही लांबवला तरी आकुंचनासाठी जो किमान प्रवाह लागतोच, तो पाया मानायचा. त्याच्या दुप्पट प्रवाह देऊन स्पंद किती वेळ टिकवावा लागतो, ते मोजायचे. याला क्रोनॅक्सी म्हणतात. नस शाबूत असलेल्या स्नायूची क्रोनॅक्सी एक मिलिसेकंदाहून बरीच कमी असते. नस गेलेल्या स्नायूची दहा मिलिसेकंदांच्या पलीकडे जाते. टेन्स म्हणून विकल्या जाणाऱ्या वेदनाशामक मशीनचा स्पंद जास्तीत जास्त ०.२५ ते ०.३ मिलिसेकंद टिकतो. इतक्या वेळात नसेचा तंतू पेटतो, पण एकट्या स्नायूपेशीला जाग येईपर्यंत स्पंद संपलेला असतो. मग प्रवाह वाढवला की काय होते? तो आसपास पसरतो आणि त्याला जी जिवंत नस सापडते तिला चेतवतो. आपल्या वडिलांच्या पोटरीची नस वेगळी आहे, तिला मार लागलेला नाही. म्हणून पोटरी आवळते आणि पाऊल खाली जाते. आपण जे पाहिले ते मशीनचे अपयश नव्हते, तर अगदी प्रामाणिक उत्तर होते.

अशा स्नायूसाठी थांबून थांबून दिलेला गॅल्व्हॅनिक, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह लागतो: एकेक स्पंद सुमारे १०० मिलिसेकंदांचा, कधी त्याहूनही लांब, आणि दोन स्पंदांत सावकाश अंतर, साधारण दर दोन सेकंदांना एक. त्याचा आकार चौकोनी न ठेवता त्रिकोणी ठेवला तर आणखी एक सोय होते. प्रवाह हळूहळू चढवला की जिवंत नस त्या चढाला सरावते, तिची सोडियमची दारे पेटण्याआधीच मिटून जातात आणि ती गप्प राहते. नस गेलेल्या स्नायूला हे सरावणे जमत नाही. तो चढ संपेपर्यंत वाट पाहतो आणि मग आकुंचन पावतो. म्हणजे पोटरी शांत आणि नडगीजवळचा आजारी स्नायू तेवढा हलतो. हे आकुंचन एकदा पाहिले की विसरत नाही. शाबूत स्नायू टिचकी मारल्यासारखा उडतो. हा मात्र कातडीखाली गांडूळ सरकावे तसा संथ उठतो आणि तितकाच संथ बसतो. पाऊल बऱ्याचदा वर येतही नाही, घोट्याच्या पुढच्या दोरीवर, म्हणजे त्या स्नायूच्या कंडरेवर, बोट ठेवले तर ती किंचित ताणल्याचे तेवढे कळते. मी नातेवाइकांना मुद्दाम तिथे बोट ठेवायला लावतो, कारण ‘काहीच होत नाही’ आणि ‘थोडे होते आहे’ यांतला फरक डोळ्यांपेक्षा बोटाला आधी समजतो.

ही वीज सौम्य नाही, हे आकड्यांनी पटवून देतो. ३० मिलिअँपिअरचा ०.३ मिलिसेकंदाचा नेहमीचा चौकोनी स्पंद ९ मायक्रोकूलोंब इतका विद्युतभार कातडीतून नेतो. १५ मिलिअँपिअरचा, म्हणजे निम्म्या प्रवाहाचा, १०० मिलिसेकंदांचा चौकोनी स्पंद १५०० मायक्रोकूलोंब नेतो. त्रिकोणी असला तर त्याच्या निम्मे. आणि हा प्रवाह एकाच दिशेचा असल्याने धनाग्राखाली आम्ल व ऋणाग्राखाली अल्कली साचत जाते. पॅडखालची लिंटची, म्हणजे मऊ सुती कापडाची, घडी जाड आणि ओली हवी, सगळीकडे सारखी टेकलेली हवी. एक कोपरा सुकला की सगळा प्रवाह उरलेल्या ओल्या ठिपक्यातून वाट काढतो. एक गृहस्थ माझ्याकडे नडगीच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा, खोल, न दुखणारा व्रण घेऊन आले होते. न दुखणारा, कारण ज्या नसेमुळे त्यांचे पाऊल पडले होते तीच त्या कातडीची जाणीवही नेत होती. दुसऱ्या एका ठिकाणी कोणीतरी पॅड लावून ‘मुंग्या आल्या की सांगा’ म्हणून बाजूच्या पलंगाकडे गेले होते. मुंग्या येणार नव्हत्याच. तेव्हापासून पॅड लावण्याआधी मी थंड आणि कोमट पाण्याच्या दोन नळ्या कातडीला टेकवून रुग्णाला ओळखायला लावतो, आणि जिथे त्याला फरक कळत नाही तिथे दर काही मिनिटांनी लिंट उचलून स्वतः कातडी पाहतो.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येतो: हा लांब स्पंदाचा उपचार करावाच का? इथे तज्ज्ञांत एकमत नाही, आणि माझेही मत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. बाजूने सांगण्यासारखे असे की नस गेलेला स्नायू झपाट्याने वाळतो, आणि त्याला नियमित आकुंचन दिले तर हे वाळणे मंदावू शकते. व्हिएन्नाच्या केर्न यांच्या गटाने, कण्याच्या खालच्या टोकाला इजा होऊन मांड्यांच्या नसा कायमच्या गेलेल्या रुग्णांना मोठे पॅड आणि लांब स्पंद वापरून दोन वर्षे घरी उपचार दिले, आणि वाळलेल्या मांड्या पुन्हा भरून आल्याचे दाखवले. पण तिथे नस परत येण्याची आशा नव्हती, आणि उपचार आठवड्यातून पाच दिवस काटेकोरपणे चालला होता. ज्याची नस स्वतःहून वाढत येणार आहे त्याला दिवसाआड पंधरा मिनिटे दिलेला करंट किती उपयोगी पडतो, याचा भक्कम पुरावा नाही. करंटमुळे नस लवकर वाढते, असे सांगून पैसे घेणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कॅनडातील टेसा गॉर्डन व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी थेट नसेला सेकंदाला २० स्पंद या वेगाने एक तास चेतवून तंतूंची वाढ लवकर सुरू होते असे दाखवले आहे, ही गोष्ट खरी आहे; पण ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरची, नसेवरची, एकदाच केलेली क्रिया आहे. पोटरीवर पॅड लावून तिची बरोबरी होत नाही.

म्हणून मी असे करतो. लांब स्पंदाला आकुंचन मिळाले, कातडी चांगली असली आणि रुग्णाला येणे परवडत असले, तर २० ते ३० आकुंचने, विश्रांती, पुन्हा तितकीच, आणि आकुंचन फिके पडू लागले की त्या दिवशी थांबणे. रुग्ण लांबून, दोन एसटी बदलून येणारा असेल तर त्याच्या मजुरीचा दिवस या उपचारावर खर्च करायला मी सांगत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी पक्क्या करतो: चवडा काटकोनात धरणारा स्प्लिंट, पोटरीची दोरी आखडू नये म्हणून रोज दिवसातून अनेकदा ताण देणे, आणि बधिर पावलाची रोज रात्री पाहणी. पोटरी एकदा आखडली की सहा महिन्यांनी नस परत येऊनही पाऊल वर येत नाही, आणि तो दोष कोणत्याही मशीनने निघत नाही. आपल्या मजकुरात स्प्लिंटचा उल्लेख नाही, तो आजच घ्यावा.

तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. इजेच्या जागेपासून चवडा उचलणाऱ्या स्नायूत नस शिरण्याच्या जागेपर्यंत दहा सेंटिमीटर धरले, तर शंभर दिवस आणि सुरुवातीचे काही आठवडे. म्हणजे साडेतीन-चार महिने होण्याआधी पाऊल हलले नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. मात्र तीन महिन्यांपर्यंत तपासणीत नस परतत असल्याची एकही खूण नसेल, तर नसेच्या शस्त्रक्रियेचा जाणकार सर्जन त्या सुमारासच गाठावा, वर्ष उलटण्याची वाट पाहू नये. दीड-दोन वर्षांनंतर स्नायूच नव्या तंतूला स्वीकारण्याच्या स्थितीत राहत नाही.

नस परतू लागली की मशीनची भाषा पुन्हा बदलायची. वेगवेगळ्या लांबीचे स्पंद देऊन किती प्रवाह लागतो त्याची वक्ररेषा काढली, तर अर्धवट परतलेल्या स्नायूत तिला मधेच एक मोड पडतो: एक भाग नसवाल्या तंतूंचा, एक बिननसवाल्यांचा. ही वक्ररेषा दर पंधरवड्याला डावीकडे सरकताना पाहणे हा आमच्या धंद्यातला एक निखळ आनंद आहे. आता आखूड स्पंद वापरायचा: ०.३ मिलिसेकंद, सेकंदाला ३० ते ४०. दहाच्या खाली सुट्या टिचक्या येतात, तिशीच्या आसपास त्या जुळून सलग आकुंचन होते, आणि त्याहून खूप वर गेले की स्नायू लवकर थकतो. प्रवाह एकदम न देता एक-दोन सेकंदांत चढवायचा, पाच-दहा सेकंद टिकवायचा आणि त्याच्या तिप्पट ते पाचपट विश्रांती द्यायची. इतकी विश्रांती कशाला, असे रुग्ण विचारतात. आपण स्वतः पाऊल उचलतो तेव्हा मेंदू आधी बारीक, न थकणारे तंतू कामाला लावतो आणि पाळ्या बदलत राहतो. मशीनला पाळ्या ठाऊक नाहीत. ते मोठे आणि कातडीजवळचे तंतू आधी पकडते आणि तेच ते पुन्हा पुन्हा, सगळे एकाच क्षणी राबवते. म्हणून विजेच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर रुग्णाने स्वतःही चवडा उचलण्याचा प्रयत्न करायचा. मोबाइल पाहत पडून घेतलेला करंट निम्म्या कामाचा.

शेजारच्या काकांना दिला जातो तो उपचार याच आखूड स्पंदाचा, पण चालण्याशी जोडलेला. टाचेखाली एक बटण, टाच उचलली की नसेला स्पंद, टाच टेकली की बंद. लिबरसन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली आणि आजची उपकरणे मूळ तत्त्वात त्याच वाटेवर आहेत. गुडघ्याचा सांधा बदललेल्यांच्या मांडीलाही आखूड स्पंदाचाच उपयोग होतो, कारण तिथे नस शाबूत असून सुजलेल्या सांध्यामुळे मेंदूच स्नायूला आवरून धरतो. फक्त प्रवाह सहन होईल तेवढा जोरदार हवा, नुसत्या मुंग्यांनी मांडी भरत नाही. चेहऱ्याच्या लकव्यात मात्र करंटने फायदा होतो असे चांगल्या अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. तिथे पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइड सुरू करणे आणि न मिटणारा डोळा सांभाळणे महत्त्वाचे, आणि सुमारे सत्तर टक्के रुग्ण उपचाराविनाही पूर्ण बरे होतात.

घरचे मशीन घेऊ नका. बाजारात मिळणाऱ्या वेदनाशामक मशीनचा स्पंद आपल्या वडिलांच्या स्नायूसाठी तीनशेपट आखूड आहे, आणि लांब स्पंदाचे मशीन बधिर कातडीवर घरच्या माणसाने चालवू नये. वडिलांना पेसमेकर असेल, त्या पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, किंवा पॅडच्या जागी जखम वा गाठ असेल, तर दवाखान्यातही करंट घेऊ नये.

पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टला एवढेच विचारा: पेनसारखे बारीक अग्र नडगीच्या बाहेर, गुडघ्याच्या चार-पाच बोटे खाली ठेवून १०० मिलिसेकंदांचा त्रिकोणी स्पंद देऊन पाहाल का? त्या वेळी घोट्यासमोरच्या दोरीवर आपले बोट ठेवा. ती संथपणे ताणली तर स्नायू जिवंत आहे आणि नसेची वाट पाहता येईल. एनसीव्ही-ईएमजी मात्र त्या उत्तराची वाट न पाहता याच आठवड्यात करून घ्या. तिचा अहवाल आला की साधारण किती तंतू तुटले आहेत आणि किती नुसतेच अडले आहेत, हे बरेचसे सांगता येईल.